नोव्हा कोसळलं कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला चांद्रमोहिमांवरचा लेख वाचता वाचता चहा गार झाला. म्हणे 'नोव्हा रॉकेट चारही वेळा कोसळलं'. अहो, ते रशियाचं एन-१! १९६९ ते १९७२, चार उड्डाणं, चारही फेल. नोव्हा नासाचं, आणि ते कधी बनलंच नाही तर कोसळणार कुठून? पोरगं परीक्षेला बसलंच नाही आणि तुम्ही नापास करून मोकळे. वर फोटो माणसं चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न ५ चा लावून खाली नोव्हा लिहिलंय, निदान तळाची इंजिनं तरी मोजायची, सॅटर्नला एफ-१ इंजिनं पाच, नोव्हाच्या त्या गाजलेल्या आराखड्यात आठ.

हे आठ माझ्या डोक्यातून जात नाही त्याला कारण आहे. १९७३ साली, सातवीत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी नोव्हाच केलं होतं, पावडरचे डबे एकावर एक चिकटवून आणि खाली आईच्या शिलाईमशीनची आठ रिकामी रिळं. मामाच्या रद्दीतल्या इंग्रजी मासिकात चित्र होतं. परीक्षक आले, रिळं मोजली, म्हणाले बाळ, तीन जास्त झाली. मी सांगायला लागलो की सर हे वेगळं आहे, यात अख्खं यान चंद्रावर उतरवून तसंच परत आणायचं होतं म्हणून एवढं दांडगं, मग कुणीतरी म्हणालं (तो नासाचा इंजिनिअर हूबोल्ट, हे नाव मला फार नंतर कळलं) की मोठं यान वर फिरत ठेवा, छोटं तेवढं खाली पाठवा, वजन वाचतं, आणि १९६२ च्या जुलैत नासाने तेच ठरवलं... पण ऐकतो कोण! बाईंनी मागून डोळे वटारले. उपटली तीन रिळं. रॉकेट कललं, ते कंपासपेटीचा टेकू देऊन उभं केलं. दुसरा नंबर आला, सर्टिफिकेटवर 'सॅटर्न'. डिंकाचे तीन डाग मात्र डब्यावर शेवटपर्यंत होते.

तेव्हा परीक्षकांना माफ केलं, त्यांच्याकडे कुठे इंटरनेट होतं. तुमच्याकडे आहे ना?

दुरुस्ती छापायची कृपा केलीत तर शब्दकोड्याच्या उत्तरासारख्या मुंगीएवढ्या टायपात नको. बाय द वे, गुरुवारच्या कोड्याचं उत्तर तुम्ही छापलंच नाहीत, माझा उभा ७ अजून अडलाय.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नाशिक रोड