रंगवलेल्या डायलला भुलू नका

महोदय,

चावीची जुनी घड्याळे जमवण्याची हौस तरुणांत पुन्हा दिसते आहे, याचा मला फार आनंद होतो. पण शेजारच्या मुलाने ऑनलाइन घेतलेले एचएमटी ‘पायलट’ पाहून जीव हळहळला. डायल भडक, नवीकोरी. आत तीन घड्याळांचे भाग एकत्र जोडलेले! एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्येच झाला. मग इतकी झगझगीत ‘जुनी’ घड्याळे येतात कुठून? बहुतेक पुन्हा रंगवलेली. पिवळसर पडलेली, पण मूळ छपाईची डायल केव्हाही बरी.

वडिलांचे एचएमटी ‘जनता’ घड्याळ मी आजही वापरतो. १७ ज्वेलचे (म्हणजे आतल्या चाकांची झीज कमी करणाऱ्या खड्यांचे) हे यंत्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. घेण्याआधी कानाशी धरून ऐका, मागचे झाकण उघडायला लावा. आणि सगळे पैसे खरेदीत घालवू नका. सफाई-तेलपाण्यासाठी काही राखून ठेवा.

नौपाड्यातले माझे घड्याळजी सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी नाही. आयटीआयमध्ये हे काम शिकवले जावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त फिटर, ठाणे (प.)