सर, कोनता पिच्चर होता जी?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

टोरेंटवरचा, म्हणजे एकमेकांच्या संगणकांवरून फाइल उतरवून घ्यायच्या पद्धतीवरचा, तुमचा लेख काल वाचला. (आमच्याकडे पेपर दुपारच्या एसटीने येतो, म्हणून पत्रालाही उशीर.) डोक्यावर टोपी ओढलेला, तोंड न दिसणारा माणूस, समोर हिरवी अक्षरं आणि वर ठळक टाइपात 'टोरेंट म्हणजे चोरी'. चित्र झकास होतं. शेवटी सल्ला, असं सॉफ्टवेअर ताबडतोब काढून टाका. काढलं साहेब. तुमच्या लेखाच्या महिनाभर आधीच काढायला लावलं होतं मला, तेही पोरांसमोर.

आमच्या शाळेत नऊ जुने संगणक. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे अपडेट बंद केले, आणि विंडोज ११ या डब्यांवर चढत नाही. म्हणून विंडोजच्या जागी चालणारं, मोफत मिळणारं लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. फाइल जवळपास तीन जीबीची, माझा पॅक रोजचा दीड जीबीचा. ब्राउझरने चारदा लावून पाहिली. कधी पॅक संपला, कधी लाईन गेली, सकाळी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पुतण्याने माझ्या लॅपटॉपवर क्यूबिटटोरेंट हे टोरेंटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. यात फाइल तुकड्यातुकड्यांनी येते, ज्यांच्याकडे आहे त्यांच्या संगणकांवरून. लाईन गेली तर आलेले तुकडे शाबूत राहतात. प्रत्येक तुकडा तपासूनच घेतला जातो, एखादा खराब निघाला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. तिसऱ्या दिवशी फाइल पूर्ण.

हरभऱ्याच्या ओलिताला लाईन रात्रीची, त्यामुळे जागाच होतो. एकदा बारा-साडेबाराला वावरातून आलो, चिखलाचे पाय तसेच, आणि पाहिलं तर फाइल देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या यादीत ब्राझीलचा छोटासा झेंडा. तिकडचा कोणीतरी माझ्या लॅपटॉपवरून मिंटचे तुकडे नेत होता! आमच्या गावातून ब्राझीलला काही गेल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

मग शाळेत सायबर जागृतीचा कार्यक्रम झाला. माझाच लॅपटॉप प्रोजेक्टरला लावलेला. पाहुण्या साहेबांनी क्यूबिटटोरेंटचं ते निळं चिन्ह हेरलं. "गुरुजी, तुम्हीपण?" मी लिनक्सचं सांगायला गेलो तर म्हणाले, "सगळे असंच सांगतात." साठ पोरं हसली. तिथल्या तिथे काढायला लावलं. मधल्या सुट्टीत सातवीतली एक पोरगी हळूच येऊन विचारते, "सर, कोनता पिच्चर होता जी?"

टोरेंटवरून सिनेमे चोरले जातात, हे मलाही ठाऊक आहे आणि त्यांची वकिली मला करायची नाही. पण मिंट, उबुंटू, डेबियन ही लिनक्सची मंडळी आणि ऑफिसच्या कामाचं मोफत सॉफ्टवेअर देणारं लिब्रेऑफिस, हे सगळे स्वतःच आपल्या संकेतस्थळावर टोरेंटची लिंक देतात. जुनी पुस्तकं, चित्रफिती जपणारं इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालयही देतं. टोरेंटची ही पद्धत ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने २००१ मध्ये आणली. क्यूबिटटोरेंट तर ओपन सोर्स, म्हणजे त्याचा अख्खा कोड उघडा आहे, कोणीही वाचावा. तुमच्या लेखकाला तेवढा वेळ नसेल, पण निदान लिनक्सचं एखादं डाउनलोड पान तरी पाहायचं! आणि हो, 'ओपन सोर्स म्हणजे फुकट' असं एका चौकटीत छापलंय. फुकट तर तुमचं ई-पेपरही आहे. पण ते उघडायला मोबाइल नंबर मागतं, आणि तो दिल्यापासून मला नागपुरातल्या प्लॉटचे दिवसाला दोन फोन येतात. टोरेंटने माझा नंबर कधी विचारला नाही.

खुलासा छापाल तर पहिल्या पानावर नको, त्या टोपीवाल्याच्या जागी चालेल. माझं नाव मात्र छापू नये. साहेब तुमचाच पेपर वाचतात.

आपला,
एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ