अंगठ्याची गोष्ट

18 सप्टेंबर

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर बोलायचं तर तुझी आई शेजारी बसलेली असते आणि स्पीकर चालू असतो. म्हणून लिहितोय. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर माझ्या अंगठ्याची पट्टी तुला दिसली आणि मी विळी लागली म्हणून सांगितलं. विळी नव्हे, गळ लागला.

नदीवर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला एक चिलापी मासा मिळाला, तळहाताएवढा. गळ काढताना त्या चिलापीनं उसळी मारली आणि तोच गळ माझ्या डाव्या अंगठ्यात शिरला. गळाला आतल्या बाजूनं उलटा काटा असतो. तो एकदा आत गेला की मागं येत नाही, ओढला तर मांस घेऊनच येतो. मग गळ तसाच पुढं दाबला, टोक दुसऱ्या बाजूनं बाहेर काढलं, पक्कडीनं काटा तोडला आणि उरलेला अलगद मागं घेतला. लिहिताना एक ओळ झाली, तिथं मात्र डोळ्यांपुढं अंधारी आली. खानापूरला जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. 38 वर्षं कारखान्यात लेथवर काढली, फिरत्या चकाजवळ हात नेताना कधी खरचटलं नाही, आणि शंभर ग्रॅमच्या चिलापीनं मला दवाखाना दाखवला.

तू रिटायरमेंटला पाठवलेला रॉड झकास आहे. खरं पहिले दोन महिने मी तो पिशवीतून काढलाच नाही. परसातला चिवा, म्हणजे बारीक बांबू, तोडला, त्याला तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा बांधला, तरंगायला मोरपिसाचा देठ आणि खाली शिशाचा मणी. 1986 साली बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात टर्नर म्हणून लागलो आणि गळ सुटला तो सुटलाच. म्हटलं, हाताला काय आठवतंय ते आधी बघू.

काही म्हणजे काही आठवत नव्हतं. उलट लेथची सवय आड आली. मशीनवर टूल जरा किरकिरलं की हात हँडलवर गेलाच पाहिजे, नाहीतर मशीनवर लावलेला जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, वाया. नदीवर बसून मी तेच करायचो. देठ नुसता थरथरला की काठी वर, आणि गळ रिकामा. गांडूळ मात्र गायब. पंधरा दिवस माशांना फुकट जेवण घातलं म्हण. मग हळूहळू ध्यानात आलं की देठ थरथरतो तेव्हा चिलापी नुसती गांडुळाची शेपूट चाखत असते. तो तिरका होऊन सरकायला लागला की मग ओढायचं. मरळीचं तर त्याहून अवघड. बेडूक तोंडात धरून ती आधी बाजूला जाते, थांबते, मग गिळते. तेवढा वेळ तंगूस ढिलं सोडून मनात वीसपर्यंत मोजायचं, असं आमचा थोरला काका सांगायचा. मी अजून अकराच्या पुढं गेलो नाही.

परवा पुलावर एक म्हातारा थांबला, ‘मीन सिक्तेन री?’ म्हणाला, म्हणजे कानडीत ‘मासे मिळाले का हो?’ मी डबा उघडून दाखवला. आत पाच चिलाप्या. त्यानं तोंड वाकडं केलं आणि गेला. त्याला तरी काय बोलायचं? मलप्रभेत आता गळाला लागते ती बहुतेक चिलापीच. आमच्या लहानपणी कोळस मिळायचा, चांदीसारख्या मोठ्या खवल्यांचा. तू शाळेत विज्ञान शिकवतेस म्हणून सांगतो, 1839 साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची नोंद केली, त्यात या माशाच्या शास्त्रीय नावात आपला ‘कोळस’च घातला. चिलापी आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणली. मादी अंडी तोंडातच सांभाळते, त्यामुळं डबक्यात सोड नाहीतर डोहात सोड, ती वाढतेच. आणि रोहू-कटला, जे मी जन्मभर आपले समजत होतो, तेही इथले नव्हेत, गंगेकडचे! तळ्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाच्याच मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांची पैदास करून दाखवली, तेव्हापासून बीज गावोगाव पोचलं.

खरं सगळा दोष चिलापीवर ढकलून चालायचं नाही. मृगाच्या पहिल्या पुरात मासा चढणीला लागला की आम्ही पोरं बुट्ट्या घेऊन ओढ्यात, खाचरात घुसायचो. एकेका माशाचं पोट गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी टच्च. आजी ती तळून द्यायची, आम्ही भांडून खायचो. बियाणं भाजून खाणाऱ्याला गावात काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. श्रावण लागायच्या आधी गावच्या तळ्यावर गेलो होतो, गळाला बेडूक लावून. काठालगत, गवताच्या कडेला, पाण्याचा एक तुकडा लालसर दिसला. वाटलं पानं कुजलीत. बघतो तर मरळीची पिल्लं, बोटाच्या पेराएवढी, शेकड्यांनी, सगळी एकदम वर येऊन हवा घेतात आणि एकदम खाली जातात, पाण्यावर रिमझिम पाऊस पडल्यासारखं दिसतं. मरळ हवेवर जगते ना. आणि त्यांच्या बरोबर खाली मोठी मरळ, हातभर लांब, सुस्त दिसते खरं एक डोळा वर. अशा वेळी समोर काहीही टाक, ती झडप घालतेच, पिल्लं राखायला. लहानपणी आम्ही असलीच मरळ शोधत हिंडायचो, कारण ती हमखास लागायची. मग त्या पिल्लांचं काय व्हायचं, हे बघायला आम्ही थांबत नव्हतो.

मी बेडूक सोडून दिला आणि अर्धा तास नुसता बसून राहिलो. एक बगळा आला तर त्याला खडा मारून हाकलला. घरी आलो तर आई म्हणाली, ‘रिकामाच?’ तिला काय सांगणार.

आईचं म्हणशील तर तिचा राग निम्मा उतरलाय. श्रावणभर तिनं काठीला हात लावू दिला नाही. आधी म्हणायची, नदीच्या माशाला चिखलाचा वास, माझी भांडी बाटवू नका. आता मीठ-हळद चोळून, आमसूल आणि तिरफळ घालून असं कालवण करते की मला वाढताना हात आखडतो तिचा.

तुला माझ्या घसरण्याची काळजी वाटते. पावसाळ्यात हब्बनहट्टीचं नदीकाठचं मारुतीचं देऊळ पाण्याखाली असेपर्यंत मी नदीकडं फिरकत नाही. आणि शेवाळावर अनवाणी जातो, तुझ्या त्या बुटांपेक्षा टाच बरी पकडते.

दिवाळीला याल तोवर बंधाऱ्याला फळ्या बसतील, पाणी थांबून नितळ होईल. नातवाला घेऊन ये, चिव्याची एक आखूड काठी त्याच्यासाठी तासून ठेवलीय. येताना बारीक तंगुसाचं एक रीळ आण. बिनकाट्याचे गळ मिळतात म्हणे, ते दिसले तर दहा-बारा घे. नाही मिळाले तर शोधत बसू नकोस, पक्कडीनं दाबून काटा सपाट होतो. पोराच्या काठीचे दोन तसे करून ठेवलेत.

जावईबापूंना नमस्कार. आणि आईनं विचारलं तर विळीच लागली होती.

तुझा,
अप्पा