जपानला निघालेल्या मुलांना पाकिटे वाचायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट 2025 मध्ये पंतप्रधान जपानला येऊन गेले. पुढच्या पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये मिळून पाच लाख माणसांची ये-जा व्हावी, त्यात भारतातून 50 हजार कुशल माणसे इकडे यावीत, असे उद्दिष्ट तेव्हा जाहीर झाले. तेव्हापासून सांगली, कोल्हापूर, पुणे इथून मला फोन येऊ लागले आहेत. भाचीच्या मैत्रिणीचा मुलगा, शेजारच्या काकूंचा नातू, कुणाची तरी सून. पगार किती, थंडी किती, शाकाहारी जेवण मिळते का, हे सगळे विचारतात. कागदपत्रांचे कुणीच विचारत नाही. मी 1998 पासून तोक्योत राहते, भाषांतराची कामे करते आणि आपल्या मुलामुलींना घेऊन वॉर्ड ऑफिसच्या, पेन्शन ऑफिसच्या खिडक्यांसमोर बसते. त्या खिडक्यांबद्दल, आणि त्याहून अधिक सरकारी नोटिसांच्या पाकिटांबद्दल, तिकडच्या पालकांशी बोलायचे आहे म्हणून हे पत्र.

आधी चांगले सांगते, कारण ते खरोखर चांगले आहे. इथल्या वॉर्ड ऑफिसात अर्ज लिहायच्या टेबलावर एक भरलेला नमुना अर्ज लावलेला असतो. नाव कुठे, जन्मतारीख कशी, कुठला रकाना रिकामा सोडायचा, सगळे त्यात दिसते. शेजारी दोन-तीन नंबरांचे वाचायचे चष्मे ठेवलेले असतात, वय झालेल्या माणसाला आपला अर्ज आपल्या हाताने भरता यावा म्हणून. नंबर आला की खिडकीपलीकडची बाई सगळे ऐकून घेते आणि आणखी कुठले कागद लागतील ते एकदाच, एका चिठ्ठीवर लिहून देते. काम दुसऱ्या खिडकीचे असेल तर बऱ्याचदा उठून तिथपर्यंत सोडायला येते. मुलगी झाली तेव्हा वॉर्डाची आरोग्यसेविका वजनकाटा घेऊन आमच्या घरी आली होती. मला तेव्हा जपानी बोलता येत असले तरी बाळंतपणाचे शब्द येत नव्हते. तिने चित्रे काढून सांगितले. परक्या देशात, आई जवळ नसताना, सरकारने पाठवलेले ते माणूस मी कधी विसरणार नाही.

तिकडे अनेकांना वाटते की हे सगळे कॉम्प्युटरमुळे होते. तसे अजिबात नाही. इथली कचेरी वर्षानुवर्षे कागद, फॅक्स आणि शिक्क्यांवर चालली. तारो कोनो प्रशासकीय सुधारणा मंत्री झाले आणि 2020 मध्ये त्यांनी सरकारी अर्जांवरचे शिक्के काढून टाकायची मोहीम घेतली, तोवर साध्या साध्या अर्जावरही स्वतःच्या नावाचा लाकडी शिक्का उमटवावा लागे. माणसाचे हेलपाटे वाचत होते ते त्या भरलेल्या नमुन्यामुळे आणि त्या चिठ्ठीमुळे. म्हणून जाता जाता महाराष्ट्रासाठी एक मागणे मागते. आपल्याकडे 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, कामाच्या मुदती ठरलेल्या आहेत. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद लावायला माझ्या आईने जे खेटे घातले ते मुदतीमुळे नव्हते. दर वेळी तिला एक नवा कागद सांगितला गेला. प्रत्येक तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रात भरलेला नमुना आणि कागदांची पूर्ण यादी भिंतीवर लावा. कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्याला पैसे देऊन अर्ज भरून घ्यायची पाळी आईसारख्या बायकांवर येऊ नये. याला फार खर्च नाही.

आता दुसरी बाजू. खिडकीवरची माणसे कितीही मायाळू असली तरी त्यांच्या मागचा कायदा परदेशी माणसाकडे सावधपणे बघतो. मी आले तेव्हा परदेशी म्हणून नोंदणी करताना माझ्या बोटाचा ठसा घेतला होता. ती पद्धत 2000 मध्ये बंद झाली. विमानतळावर बोटांचे ठसे घेणे मात्र 2007 पासून सुरू झाले. 2012 च्या जुलैपर्यंत रहिवासी नोंदवहीत, म्हणजे जुमिनह्योत, परदेशी माणसाचे नावच नसे. जपानी नवरा आणि भारतीय बायको एका घरात राहत असली तरी त्या घराच्या दाखल्यावर बायको नसायची. आता आमची नावे त्यात आहेत, रेसिडेन्स कार्ड आहे. ते कार्ड सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाने कायम जवळ बाळगायचे, नसेल तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. घर बदलले की चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसला कळवायचे. नोकरी बदलली तरी चौदा दिवसांतच इमिग्रेशनला कळवायचे. नव्या मुलांना मी सांगते की हे चौदा दिवस डोक्यात पक्के करा.

घराबद्दल तर पालकांनी मन घट्ट करूनच मुलांना पाठवावे. न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची एक पाहणी करून 2017 मध्ये प्रसिद्ध केली. आदल्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे 39 टक्के लोकांनी सांगितले की परदेशी आहात म्हणून आम्हाला घर नाकारले गेले. हे मी फोनवरच्या दलालाच्या आवाजात कितीदा ऐकले आहे. तो उद्धट बोलत नाही. माफी मागतो, मालकांची अडचण आहे म्हणतो आणि फोन ठेवतो. पुण्यात आडनाव विचारून घर नाकारले जाते तेव्हा जे वाटते तेच इथेही वाटते, आणि दोन्हीकडे मला तितकाच राग येतो.

पण खरा घोळ होतो तो पाकिटांचा. या पत्राचे मुख्य कारण तेच आहे.

जपानमध्ये सरकार माणसाशी पाकिटांतून बोलते. आत कांजीने, म्हणजे जपानी चित्राक्षरांनी, भरलेली नोटीस असते आणि खाली पैसे भरायची पावती जोडलेली असते. पहिल्या वर्षी फारसे काही येत नाही, म्हणून मुले निर्धास्त होतात. इथला रहिवासी कर हा आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, तुमचा पत्ता 1 जानेवारीला जिथे असेल तिथला वॉर्ड किंवा गाव तो मागते, आणि नोटीस जूनच्या सुमारास येते. दुसऱ्या वर्षी एकदम मोठी रक्कम दिसते आणि मुले मला फोटो काढून पाठवतात, "मावशी, हे फ्रॉड आहे का?" नाही बाळा, हा कर आहे, उत्पन्नाच्या साधारण दहा टक्के, आणि भारतात परत गेलास तरी तो चुकत नाही.

त्याहून अवघड प्रकरण पेन्शनचे. वीस ते साठ वयाच्या इथे राहणाऱ्या प्रत्येकाला पेन्शनचे हप्ते भरणे बंधनकारक आहे, परदेशी असला तरी. नोकरीत असताना ते पगारातून कापले जाते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. नोकरी बदलताना लोक फसतात. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तुम्ही कुठे नोकरीवर होता, यावर सगळे ठरते. 20 मार्चला एक कंपनी सोडली आणि 1 एप्रिलला दुसरी धरली, तर मार्चचे राष्ट्रीय पेन्शन तुम्ही स्वतः वॉर्ड ऑफिसात नाव घालून भरायचे. 2025-26 या वर्षासाठी ते महिन्याला 17,510 येन होते. भरले नाही तर पाकिटे येऊ लागतात आणि त्यांचे रंग बदलत जातात. आधी निळे, मग पिवळे, मग लालसर.

इचलकरंजीचा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. गुणी, कामात चोख, जपानी बोलायला फर्डा. नोकरी बदलताना त्याचा असाच एक महिना मोकळा राहिला. निळे पाकीट त्याला जाहिरात वाटले. पुढे कुणीतरी सांगितल्यावर त्याने सगळे पैसे भरले, एक येनही ठेवला नाही. पण कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा तो नाकारला गेला. कारण विचारायला मी त्याच्याबरोबर गेले होते. अधिकारी शांतपणे म्हणाले की भरले आहे हे मान्य, मुदतीत भरले नाही. 2019 पासून अर्जाबरोबर पेन्शन आणि आरोग्य विमा भरल्याचे पुरावे मागतात आणि प्रत्येक हप्ता तारखेच्या आत गेला का, हे बघतात. साधारणपणे दहा वर्षे इथे राहिल्यावर जो अर्ज करता येतो, तो एका पाकिटापायी परत आला. घरी जाताना ट्रेनमध्ये तो एक शब्द बोलला नाही. त्याला हे पुण्याच्या वर्गात कुणी दोन तास शिकवले असते तर ही वेळ आली नसती.

हाच विषय पुढे आणखी कडक होतो आहे. जून 2024 मध्ये इथल्या संसदेने कायदा बदलला. कर किंवा सामाजिक विम्याचे पैसे जाणूनबुजून न भरणाऱ्याचा मिळालेला कायम परवानासुद्धा आता काढून घेता येईल. ही तरतूद 2027 पर्यंत लागू व्हायची आहे. आजारपण, बेकारी अशा कारणांनी पैसे थकले तर तसे होणार नाही, असे सरकार म्हणते. मी त्यावर विश्वास ठेवते. तरीही दुखते. जपानी माणसाने कर थकवला तर दंड होतो, जप्ती येते. माझ्या शेजारणीला आणि मला एकाच चुकीसाठी वेगळी शिक्षा असावी, आणि माझी शिक्षा म्हणजे माझे घरच असावे, हे मला पटत नाही. 2025 च्या जुलैमध्ये वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली, तेव्हा ‘जपानी आधी’ अशी घोषणा देणाऱ्या पक्षाला बरीच मते मिळाली. आम्हाला मत नाही. 2024 च्या अखेरीस या देशात 37 लाखांहून अधिक परदेशी रहिवासी होते, त्यात भारतीय 50 हजारांवर. ही माणसे कारखान्यांत, वृद्धाश्रमांत, कॉम्प्युटर कंपन्यांत काम करतात, कर भरतात.

यावर उपाय म्हणून नागरिकत्व घ्या, असे काही जण सांगतात. तोक्योतल्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर 2019 मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे आपले अंबरनाथचे. त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले आणि निवडणूक लढवली. मला त्यांचा अभिमान आहे. पण जपान दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, भारतही करत नाही, आणि मला भारताचा पासपोर्ट सोडवत नाही. हा ज्याचा त्याचा निर्णय आहे.

विद्यार्थ्यांसाठी आणि नवऱ्याबरोबर येणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट आवर्जून. वेगळी परवानगी काढूनच काम करता येते आणि तेही आठवड्याला 28 तासांपर्यंत. दोन दुकानांत मिळून 28, प्रत्येकी नव्हे. व्हिसा वाढवताना कराच्या दाखल्यावर उत्पन्न दिसते आणि तिथे हिशेब उघडा पडतो. मुले बरोबर आणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की परदेशी मुलांना शाळेत घालण्याची सक्ती इथल्या कायद्यात नाही. वॉर्डाकडे अर्ज केला तर सरकारी शाळेत आनंदाने घेतात, पण अर्ज पालकांनी करायचा. सरकारने 2019 मध्ये पहिल्यांदा मोजले तेव्हा सुमारे 20 हजार परदेशी मुले शाळेत नसावीत असे आढळले.

आणि परत जाणाऱ्यांसाठी: देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर पेन्शनमधले काही पैसे एकरकमी परत मिळतात, म्हणून सगळे घाईने उचलतात. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे, त्यामुळे पेन्शनचा हक्क ठरवताना दोन्ही देशांतली वर्षे एकत्र धरता येतात, आणि जपानची किमान अट 2017 पासून पंचवीस वर्षांवरून दहा वर्षांवर आली आहे. एकरकमी पैसे घेतले की इथली वर्षे पुसली जातात. विचार करून सही करा.

पुण्यात जपानी शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत आणि ते चांगले शिकवतात. मीही तिथेच शिकले. पण परीक्षेच्या पुस्तकात पत्ता बदलायचा अर्ज नसतो, पेन्शनची नोटीस नसते, भाडेकरार नसतो. वर्ग चालवणाऱ्यांना आणि मुलांना इकडे पाठवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की निघण्यापूर्वी निदान एक आठवडा फक्त याचा अभ्यास घ्या. नावे आणि पत्ते खोडलेल्या जुन्या नोटिसा, पावत्या, करारांचे नमुने माझ्याकडे फाईलभर आहेत. दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस मी आईकडे येते. सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यात कुणी वर्ग भरवला तर ती फाईल घेऊन येईन, मोबदला नको. पुढच्या एप्रिलमध्ये निघणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

आपली नम्र,
एक वाचक
एदोगावा, तोक्यो (मूळ गाव सांगली)