ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरते. आधी डिस्क मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाईत राहत असल्यामुळे पसरणी घाट आठवड्यातून दोनदा तरी उतरावा लागतो. गेल्या वर्षी पुण्याच्या वाटेवर ताशी ९०च्या वेगात ब्रेक दाबला, की माझ्या गाडीचे स्टिअरिंग हातात थरथरू लागे आणि पाय उचलताच शांत होई. एवढ्या तक्रारीसाठी मी तीन गॅरेजांच्या पायऱ्या झिजवल्या. पहिल्याने चाकांचे बॅलन्सिंग-अलाइनमेंट केले, दुसऱ्याने स्टिअरिंगला चाकाशी जोडणारे टाय रॉड एंड बदलले, तिसऱ्याने नवे ब्रेक पॅड टाकले. बिले तिघांचीही चुकती झाली, थरथर मात्र तशीच राहिली. तिघांपैकी एकानेही डिस्क, म्हणजे ब्रेक दाबल्यावर पॅड जिला आवळतात ती चाकामागची चकती, मोजून पाहिली नव्हती, आणि हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

वास्तविक या दुखण्याचे पहिले निदान गाडीत बसल्या बसल्या होते. ब्रेकला पाय न लावताही ८० ते १००च्या दरम्यान स्टिअरिंग हलत असेल, तर बॅलन्सिंग किंवा टायर तपासावा. फक्त ब्रेक दाबल्यावर हलत असेल, तर संशय पुढच्या डिस्कवर घ्यावा. आणि स्टिअरिंग स्थिर राहून पेडल व सीट तेवढी धडधडत असेल, तर मागच्या ड्रमकडे किंवा डिस्ककडे पाहावे. जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसमुळे (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे) पायाखाली पेडलमध्ये जी धडधड जाणवते, ती बिघाड नव्हे.

चौथ्या ठिकाणी एका वयस्कर मिस्त्रींनी चाक काढून डिस्क नटांनी हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) घट्ट आवळली, ती फिरताना किती डगमगते हे दाखवणारा डायल गेज तिला लावला आणि ती हाताने सावकाश फिरवली. काटा ०.०८ मिलिमीटर सरकून परत येत होता. बऱ्याच गाड्यांत ही मर्यादा ०.०५च्या आसपास असते. मग मायक्रोमीटरने (जाडी बारकाईने मोजण्याच्या साधनाने) आठ ठिकाणी जाडी घेतली, तर सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत ०.०३ मिलिमीटरचा फरक. डिस्क उतरवल्यावर हबच्या तोंडावर गंजाची पापडी दिसली. त्या पापडीमुळे डिस्क किंचित तिरकी बसली होती, प्रत्येक फेऱ्यात तिची तीच जागा पॅडला घासून झिजत होती, आणि काही हजार किलोमीटरनंतर त्या असमान झिजेची थरथर झाली होती. ताशी ८०ला चाक सेकंदाला अकरा-बारा फेरे घेते, म्हणजे तेवढेच हिसके स्टिअरिंगपर्यंत पोहोचतात. आपल्याकडे याला सरसकट 'डिस्क बेंड झाली' म्हणतात. पण ओतीव लोखंडाची ती जाड चकती सहसा वाकत नाही, तिची जाडी कमी-जास्त होते किंवा पॅडचा थर तिच्यावर जागोजागी चिकटतो.

गंजाइतकाच दोषी हवेच्या गनचा अंदाधुंद वापर असतो. टायर बदलताना नट ओळीने गनने आवळले की ताण सारखा बसत नाही. दोष मात्र काही महिन्यांनी दिसतो, त्यामुळे टायरवाल्याशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. नट समोरासमोरच्या जोडीने, कंपनीच्या पुस्तकातील मापानुसार टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच नट आवळणाऱ्या पान्याने) आवळायला फार तर दहा मिनिटे जास्त लागतात.

माझ्या डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा बरीच जास्त होती, म्हणून हब तारेच्या ब्रशने घासून दोन्ही डिस्क लेथवर हलकेच कातून घेतल्या आणि पॅड पुन्हा नवे घातले. माप त्याखाली जाणार असते, तर दोन्ही बदलाव्या लागल्या असत्या. गॅरेजचालकांना माझी विनंती आहे, की ब्रेकच्या अशा तक्रारीत कोणताही भाग बदलण्यापूर्वी डिस्कची ही दोन मापे घ्यावीत आणि ती जॉब कार्डावर लिहून ग्राहकाच्या हाती द्यावीत. ग्राहकांनीही ती मागून घ्यावीत. आणि थरथरीबरोबर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर अडकला आहे का, हे तपासल्याशिवाय ती घाटात घालू नये.

आपला,
एक वाचक, वाई