शब्दाबरोबर वाक्यही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात रोज पाच कठीण इंग्रजी शब्द आणि समोर मराठी अर्थ असा चौकोन येतो, तो मी न चुकता कापून ठेवते. इचलकरंजीत संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची शिकवणी घेते, बहुतेकांचे आईवडील यंत्रमागावर कामाला. या चौकोनाबद्दलच एक विनंती करायचीय म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात एका मुलीनं निबंधात लिहिलं, 'माय फादर अबॅन्डन्ड मी ॲट स्कूल अँड वेंट टू वर्क.' वाचून मी चरकलेच, पोरीच्या घरी काही झालं की काय! विचारलं तर म्हणाली, 'मॅडम, बाबा मला शाळेत सोडतात ना रोज सायकलवरून.' तिच्या वहीत अबॅन्डन म्हणजे सोडणे, सोडून देणे असंच लिहिलेलं होतं, पाठांतर पक्कं, स्पेलिंग बरोबर, काळसुद्धा बरोबर, आणि तरी मुलीला रोज जिवापाड जपून शाळेत नेणारा बाप त्या एका शब्दानं तिला वाऱ्यावर टाकून गेला. यात त्या मुलीची काय चूक? आपण तिला अर्थ दिला, शब्द कुठे वापरायचा ते कधी दाखवलंच नाही.

मराठीत आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं, पाऊस मुसळधार, रणरणती थंडी असं चार वर्षांचं पोरगंही म्हणणार नाही कारण त्यानं ते शब्द जोडीनंच ऐकलेले असतात. इंग्रजीचंही तसंच आहे, पाऊस हेवी असतो आणि चहा स्ट्राँग, उलट करून चालत नाही, पण आमच्या मुलांच्या कानावर घरी इंग्रजी पडतच नाही मग त्यांना ही जोडी कळणार कुठून? वाक्यातूनच कळणार ना.

हल्ली क्लासवाले हजार-हजार शब्दांच्या पीडीएफ मोबाईलवर पाठवतात आणि मुलं रात्री जागून त्या घोकतात, मला खरंच वाईट वाटतं. अमेरिकेत मास्टर्सला जाण्यासाठी आपली मुलं जी जीआरई देतात तिच्यासाठी असल्या याद्या वर्षानुवर्षं पाठ व्हायच्या, पण त्या परीक्षेनंसुद्धा ऑगस्ट २०११ पासून सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद केलं, आता रिकाम्या जागा असलेलं वाक्य किंवा उतारा देतात आणि तिथे नेमका बसणारा शब्द निवडायचा असतो. म्हणजे परीक्षा बदलली, आपल्या याद्या मात्र तशाच.

मी आता दिवसाला एकच शब्द देते, वाक्य मात्र प्रत्येकानं आपल्या घरातलं आणायचं. मेटिक्युलस दिला तेव्हा यादीतला 'काटेकोर' मुलांना काही भिडेना, मी म्हटलं निगुतीनं काम करणारा, तर निगुतीनं हाच शब्द निम्म्यांना माहीत नव्हता! मग आजी तांदूळ कसे निवडते, ताटात पसरून एकेक खडा बाजूला काढते, ते बोलणं झालं आणि एकीनं लिहिलं, 'माय ग्रँडमदर इज मेटिक्युलस अबाऊट क्लीनिंग राईस.' तो अबाऊट सकट शब्द तिच्या डोक्यात बसला, शिवाय मराठीतला एक शब्दही परत मिळाला. इंटरमिटंटला, म्हणजे मधून मधून थांबत होणारं, एका मुलानं लाईटच्या ये-जा करण्यामुळे वडिलांचे माग कसे बंद पडतात ते लिहिलं. चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी तोच शब्द मी पुन्हा नव्या वाक्यात विचारते, कारण एकदा लिहून कुणाच्याच लक्षात राहत नाही.

तर विनंती एवढीच की पाचाऐवजी दोनच शब्द द्या पण प्रत्येकाखाली दोन साधी वाक्यं द्या, आणि शब्दापुढे टू लागतो की ऑफ की अबाऊट तेही त्यात दिसू द्या. अर्थ जवळचा असूनही जिथे तो शब्द चालत नाही, अशी एखादी जागा कधी दाखवलीत तर फारच उपयोग होईल. जागा तेवढीच लागेल.

अबॅन्डनवाल्या मुलीनं नंतर आपणहून दुसरं वाक्य लिहून आणलं. त्यांच्या घरामागे मागाचं एक शेड कित्येक वर्षं बंद आहे, पत्रे गंजलेत, आत कुत्री झोपतात, त्याला तिनं 'ॲन अबॅन्डन्ड शेड' म्हटलंय.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, इचलकरंजी