लढाऊ विमानाची घाई प्रवासी विमानाला परवडणारी नाही

महोदय,

हवाई दल गोळी लागलेले विमान काही तासांत पुन्हा उडवते, मग पत्र्याला पोचा पडलेले प्रवासी विमान कित्येक दिवस हँगरमध्ये का, अशी तक्रार वाचकपत्रांतून वारंवार होते. पण ही तुलनाच चुकीची आहे.

युद्धकाळात अभियंत्यापुढे प्रश्न एवढाच असतो, की पुढची मोजकी उड्डाणे ही रचना पेलेल का. फाटलेल्या कडा कापून साफ करायच्या, तड्याच्या टोकाला छिद्र पाडायचे, बाहेरून पत्रा बसवून ब्लाइंड रिव्हेट (एकाच बाजूने ठोकता येणारे) मारायचे आणि वेग व ‘जी’वर, म्हणजे वळताना-झेपावताना येणाऱ्या भारावर, मर्यादा घालून विमान सोडायचे. किती धोका पत्करायचा, हे मोहिमेची निकड पाहून कमांडर ठरवतो. पक्की दुरुस्ती नंतर होते. (शांततेच्या काळात हवाई दलातही एवढी मोकळीक नसते, हे मात्र कोणी सांगत नाही.)

प्रवासी विमानावरचा डब्लर, म्हणजे वरून लावलेला पत्रा, कदाचित विमान निवृत्त होईपर्यंत तिथेच राहणार असतो. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो, उतरतो, आणि तेवढ्याने धातू थकत जातो. म्हणून आधी पोच्याची खोली, लांबी-रुंदी आणि जवळच्या फ्रेम व स्ट्रिंगरपासूनचे (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या आडव्या-उभ्या पट्ट्यांपासूनचे) अंतर मोजतात. दुरुस्ती पुस्तिकेच्या मर्यादेत बसले तर ठीक. नाही तर उत्पादकाकडून किंवा अधिकृत डिझाइन संस्थेकडून गणित करून मंजुरी आणावी लागते. दिवस जातात ते इथे. डब्लर साधारणपणे त्याच मिश्रधातूचा आणि एक गेज (जाडीची एक पायरी) जाड घेतात, रिव्हेटचे केंद्र कडेपासून निदान दोन व्यासांवर ठेवतात, दोन पत्र्यांमध्ये सीलंट भरतात. ‘अजून जाड लावा, मजबूत होईल’ हा सल्ला घातक आहे. ताठर डब्लर जास्त भार ओढून घेतो, तो रिव्हेटच्या सर्वांत बाहेरच्या ओळीवर येतो आणि खालचा मूळ पत्रा तिथेच तडकतो.

जपान एअरलाइन्सच्या विमानाची शेपूट १९७८ मध्ये धावपट्टीला घासली. मागच्या प्रेशर बल्कहेडच्या (केबिनमधला दाब अडवणाऱ्या मागच्या भिंतीच्या) दुरुस्तीत एकसंध हवा असलेला जोडपत्रा दोन तुकड्यांत बसला आणि दोन ओळींचा भार रिव्हेटच्या एका ओळीवर आला. विमान त्यानंतर १२ हजारांहून अधिक वेळा उडाले; १२ ऑगस्ट १९८५ रोजी बल्कहेड फाटले, ५२० जण गेले. चायना एअरलाइन्सच्या विमानालाही १९८० मध्ये तसाच अपघात झाला. तिथे ओरखडे पडलेला पत्रा पुरता काढून न टाकताच वर डब्लर लावला, आणि त्याच्या आड तडे वाढत गेले. २००२ मध्ये ते हवेत तुटले, २२५ बळी. दोन्ही विमाने दुरुस्तीनंतर वर्षानुवर्षे बिनतक्रार उडत होती. ताकद सुरुवातीला पुरेशी भासली, थकव्याचा हिशेब चुकला.

तेव्हा कंपन्यांना विचारायचेच असेल तर हे विचारावे: डब्लरखालच्या पत्र्याची एडी करंटने (पत्रा न उचकटता विद्युतप्रवाहाने तडे शोधण्याच्या पद्धतीने) तपासणी किती उड्डाणांनी होते, आणि विमान विकले गेले तर त्या दुरुस्तीची नोंद नव्या मालकाकडे जाते का?

– एक विमान देखभाल अभियंता